चार ओळींवरून झेंडा: गावाचं चिन्ह ठरवायची आणि शिवायची रीत

झेंडा शिवायला टाकणारा माणूस दुकानात आला की आधी मोबाइल पुढे करतो. "काकू, हे असं पाहिजे." फोटोत झेंडा अर्धा घडीत गेलेला असतो, रंग उन्हाने उडालेला, चिन्हाच्या कोपऱ्यावर कुणाचं तरी बोट. मी फोटो बघते, मग कागद-पेन सरकवते आणि सांगते, "यात काय काय आहे ते चार ओळीत लिहून द्या. फोटो मी बघितलाच नाही असं समजून लिहा." लोकांना हे विचित्र वाटतं. पण गावाचं, वाचनालयाचं, तालमीचं चिन्ह करायचं असेल तर सुरुवात इथूनच करा. ही सवय मला क्रोएशियातल्या एका छोट्या गावाने लावली.

माझं दुकान सोलापुरात पूर्व भागात आहे. दोन साध्या मशिनी आणि एक कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीची. गणवेशाच्या खिशावरचे बिल्ले, मंडळांची निशाणं, यात्रेच्या पताका हे रोजचं काम. माझा भाचा क्रोएशियात समुद्रकाठच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात कामाला लागला. ज्या गावात तो राहतो तिथल्या लोकांनी त्याला जीव लावला, म्हणून गावच्या सणाला पंचायतीला नवा झेंडा भेट द्यायचं त्याच्या मनात आलं. तो म्हणाला, "मावशी, तूच शीव." मी म्हटलं, आधी पंचायतीच्या कचेरीत विचार. चिन्ह त्यांचं आहे, परवानगीशिवाय हात लावायचा नाही. त्याने विचारलं, त्यांनी होकार दिला आणि सोबत एक कागद दिला. त्या कागदावर चित्राखाली दोन वाक्यं होती. भाच्याने त्यांचं मराठी करून पाठवलं आणि मला कळलं, खरा ऐवज ही दोन वाक्यं आहेत. चित्र त्यांच्यावरून काढलेलं आहे.

तिथली रचना थोडक्यात सांगते. क्रोएशियात २० जिल्हे आणि राजधानी झाग्रेब, त्याखाली शहरं आणि ४२८ ग्रामीण पंचायती. जिल्ह्याला झुपानिया म्हणतात, पंचायतीला ओप्चिना. चिन्हाला त्यांचा शब्द आहे गृब. तो आपल्या ऋकाराने अगदी बरोबर लिहिता येतो, कारण त्यांच्याकडेही तिथे दुसरा स्वर नाही. देश १९९१ मध्ये स्वतंत्र झाला, पुढच्या काही वर्षांत पंचायतींची नवी रचना झाली आणि कित्येक छोट्या गावांना पहिल्यांदाच स्वतःचं चिन्ह करावं लागलं. ज्यांच्याकडे जुना शिक्का किंवा ढाल होती त्यांनी ती घेतली, बाकीच्यांनी नवी केली. पण मनाला येईल तशी नाही. चिन्ह आणि झेंडा सरकारकडून मंजूर करून घ्यावा लागतो आणि तो ढालींच्या जुन्या युरोपीय शास्त्राप्रमाणे असावा लागतो. छोट्या पंचायतीचं चिन्ह म्हणजे फक्त ढाल. वर मुकुट नाही, बाजूला सिंह नाहीत, खाली नावाची पट्टी नाही. रोजचा झेंडा एकाच रंगाचा, उंचीच्या दुप्पट लांब, मधोमध ती ढाल. समारंभाचा झेंडा वेगळा असतो. तो आडव्या दांडीवरून खाली लोंबतो, त्यावर जर आणि झालरीचं काम चालतं, आपल्याकडे मिरवणुकीत निशाण असतं तसा. नवशिक्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. आधी साधा झेंडा.

आता त्या चार ओळी कशा लिहायच्या ते. भाच्याच्या गावाचं चिन्ह त्यांचं त्यांच्याकडे राहू द्या, मी सगळ्यांना बघायला मिळेल असं उदाहरण घेते. क्रोएशियाच्या राष्ट्रीय चिन्हात मोठ्या ढालीवर पाच छोट्या ढालींचा मुकुट आहे, त्यातली एक इस्त्रिया प्रांताची. तिचं वर्णन असं: निळ्या ढालीवर सोनेरी बकरी, खुरं आणि शिंगं लाल. संपलं. आधी ढालीचा रंग, मग मुख्य वस्तू आणि तिचा रंग, मग बारीक तपशील. बकरी जाडी की बारीक, दाढी केवढी, हे लिहिलेलं नाही, ते काढणाऱ्यावर सोडलं आहे. झाग्रेबच्या कारागिराची बकरी आणि सोलापुरात मी काढलेली बकरी दिसायला वेगळ्या असतील, पण दोन्ही खऱ्या. निळा कोणता, तेही शास्त्र सांगत नाही. निळा म्हणजे निळा. तरी स्वतःच्या दुकानासाठी धाग्याचा आणि कापडाचा नंबर वहीत लिहून ठेवा, नाहीतर दुसऱ्या वर्षी तोच झेंडा परत मागितला की रंग जुळत नाही.

उजवं-डावं लिहिताना जपा. या शास्त्रात उजवं म्हणजे ढाल हातात धरून उभ्या असलेल्या माणसाचं उजवं, म्हणजे बघणाऱ्याचं डावं. मी पहिल्यांदा इथेच चुकले होते. कागदावर पेन्सिलीने काढून झाल्यावर लक्षात आलं, कापड कापलं असतं तर वाया गेलं असतं. ढाल छातीशी धरल्यासारखी कल्पना करा, गोंधळ होत नाही.

रंगांचा नियम या सगळ्यात मोलाचा आहे, त्यावर जरा थांबते. रंगांचे दोन गट. एका गटात सोनं आणि चांदी, म्हणजे पिवळा आणि पांढरा. त्यांना धातू म्हणतात. दुसऱ्या गटात लाल, निळा, हिरवा, काळा, जांभळा. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. पिवळ्यावर पांढरं नको, निळ्यावर लाल नको. बकरीची खुरं-शिंगं लाल असूनही चालतात, कारण असे बारीक अवयव या नियमातून सुटतात.

हे ऐकून मला आमच्या शेजारचे अण्णा आठवले. त्यांनी आयुष्यभर सोलापुरी चादरीच्या जॅकार्डची डिझाइनं आलेखाच्या कागदावर काढली. एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठभेट. मोर काढायचा तर पिसाच्या टोकाला किती चौकोन हे मोजून. रंग दोन, फार तर तीन, आणि एक उजळ असेल तर दुसरा गडदच. ते म्हणायचे, "जवळून चांगलं दिसायला काय लागतंय? चादर दोरीवर वाळत टाकल्यावर रस्त्यावरून मोर दिसला पायजे." ढालीवाल्यांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगून ठेवलंय. लढाईच्या धुळीत समोरचा कोण, हे लांबून कळावं म्हणून तो नियम आला.

नियम मोडला की काय होतं तेही त्याच मुकुटात दिसतं. दुब्रोव्हनिक शहराच्या छोट्या ढालीत गडद निळ्यावर दोन लाल पट्टे आहेत. ते ऐतिहासिक आहे, मंजूर आहे, आपण बदलायचं नाही. पण कापडावर करून बघा, वीस पावलांवरून नुसता काळपट डाग दिसतो. त्याच मुकुटातल्या स्लाव्होनिया प्रांताच्या ढालीत निळ्यामध्ये एक लाल पट्टा, त्याच्या वर-खाली चांदीच्या बारीक रेघा आणि लालावरून पळणारा काळा कुना. कुना म्हणजे मुंगसासारखा दिसणारा एक केसाळ प्राणी. त्याच्या कातड्याने जुन्या काळी कर भरत, त्यावरूनच त्यांच्या चलनाचं नाव कुना होतं, ते २०२३ च्या १ जानेवारीला युरो येईपर्यंत चाललं. त्या ढालीत निळा आणि लाल एकमेकांना लागत नाहीत ते केवळ चांदीच्या दोन रेघांमुळे. तुमच्या गावाला लाल आणि हिरवा दोन्ही हवेच असतील तर मध्ये पांढरी रेघ घाला.

गेल्या पावसाळ्यात नान्नजकडच्या एका गावातली चार-पाच पोरं आली. वाचनालयासाठी आणि गावच्या क्रीडा स्पर्धेसाठी झेंडा हवा होता. त्यांच्या यादीत देऊळ, उगवता सूर्य, पुस्तक, ट्रॅक्टर, ज्वारी, माळढोक, दोन तलवारी आणि खाली गावाचं नाव. "सगळं बसवा की काकू, मोठ्ठा करू झेंडा." मी त्यांना भिंतीपाशी नेलं. एका कागदावर त्यांचं सगळं काढून चिकटवलं, दुसऱ्यावर एकटा माळढोक. मग म्हटलं, गल्लीच्या तोंडाशी जाऊन बघा. परत आले तेव्हा तलवारी कुणालाच दिसल्या नव्हत्या, सूर्य एकाला फुटबॉल वाटला होता, माळढोक सगळ्यांनी ओळखला होता. ही चाचणी तुम्हीही करा. कागद वहीच्या पानाएवढा पुरे, साठ-सत्तर पावलं लांब जा.

वस्तू निवडताना विचारायचं एकच: शेजारच्या गावाला हे चिन्ह दिलं तर त्यांचंही होईल का? देऊळ सगळ्या गावांत आहे, पुस्तक सगळ्या वाचनालयांत. माळढोक मात्र सगळ्यांच्या शिवारात नव्हता. नान्नजच्या माळरानावर त्याच्यासाठी अभयारण्य झालं, आणि आता तो दिसणंच दुर्मीळ झालंय. त्या पोरांच्या आज्यांनी तो शेतात चरताना बघितलेला, नातवंडांनी फक्त पाटीवर. त्याला ढालीवर आणावं, असं मला फार वाटत होतं आणि मी ते बोलून दाखवलं. शेवटी त्यांनी स्वतः लिहिलं: हिरव्या ढालीवर उभा चांदीरंगी माळढोक, टोपी काळी, चोच आणि पाय सोनेरी, ढालीच्या टोकाशी सोनेरी ज्वारीचं कणीस. खऱ्या पक्ष्याची पाठ तपकिरी असते, पण तपकिरी हिरव्यावर मरते. म्हणून पक्षी पूर्ण पांढरा केला. गावाचं नाव काढून टाकलं. ज्या झेंड्यावर नाव लिहावं लागतं त्याचं चिन्ह आपलं काम करत नाही, हे माझं ठाम मत आहे, आणि वाऱ्यात अक्षरं कुणी वाचत नाही.

झेंड्याचा रंग त्यांनी पिवळा घेतला. ढाल हिरवी आणि कापड पिवळं, त्यामुळे ढाल सुटून दिसते. ढाल आणि कापड एकाच रंगाचं आलं तर ढालीला पिवळी किंवा पांढरी किनार द्या.

माप. मी ७५ सेंटिमीटर उंच आणि १५० लांब घेते. क्रोएशियाचंच १ ला २ हे प्रमाण. आपला तिरंगा २ ला ३ असतो, त्यामुळे गावाचा झेंडा सहज वेगळा ओळखू येतो. ढालीची उंची झेंड्याच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे ४० सेंटिमीटर, रुंदी ३३ च्या आसपास. ढालीचा आकार साधा, वर सपाट, खाली गोल. टोकदार, वेलबुट्टीच्या ढाली शिवायला त्रासाच्या आणि दिसायला गर्दीच्या. शिलाईसाठी चारी बाजूंना कापड जास्त धरा, दांड्याच्या बाजूला सहा सेंटिमीटर, मोकळ्या टोकाला चार, वर-खाली दोन-दोन.

कापडात माझी पहिली चूक झाली ती सांगते. भाच्याच्या झेंड्याला मी जीव ओतला. जाड सॅटिन घेतलं, ढाल पूर्ण एम्ब्रॉयडरीने भरली, मागे बक्रमचं ताठ अस्तर लावलं. टेबलावर राजेशाही दिसत होतं. तिकडे काठीवर चढवल्यावर भाच्याने व्हिडिओ पाठवला: झेंडा ओल्या चादरीसारखा लोंबत होता, मधली ढाल पाटीसारखी ताठ. पुढे हिवाळ्यात तिथला जोराचा वारा सुटला. डोंगरावरून समुद्राकडे झोताने येणाऱ्या या वाऱ्याला ते 'बुरा' म्हणतात. त्याने ढालीच्या कडेने कापड फाडलं. जिथे जड आणि हलकं भेटतं तिथे कापड तुटतं. मी दुसरा शिवून पाठवला, तो टिकला. त्याची रीत अशी.

कापड हलकं पॉलिस्टर, झेंड्यासाठीच मिळतं ते, बाजारात मागताना हातावर ठेवून फुंकर मारून बघा, उडालं पाहिजे. ढालीचं कापड त्याच जातीचं. ढालीची आकृती बटर पेपरवर काढा. हिरव्या कापडाचा तुकडा आकृतीपेक्षा तीन-चार सेंटिमीटर मोठा घ्या, पिवळ्यावर मधोमध टाचा, वर बटर पेपर ठेवून रेघेवरून साधी टीप मारा आणि कागद फाडून काढा. आता झेंडा उलटा करा. टिपेच्या आत मागच्या बाजूला जे पिवळं कापड आहे ते बारीक टोकाच्या कात्रीने टिपेच्या अगदी जवळून कापून टाका. पुढून टिपेबाहेरचं जास्तीचं हिरवं कापा. मग कडेवर दाट झिगझॅग. आता ढालीच्या जागी एकच थर आहे, हिरवा, आणि तो दोन्ही बाजूंनी दिसतो. पक्षी तसाच: पांढरा तुकडा वर, टीप, मागून हिरवं काप, झिगझॅग. काळी टोपी, चोच आणि पाय एवढंच धाग्याने भरा. धागा पॉलिस्टरचा घ्या, रेयॉनला चमक जास्त असते पण पावसात भिजून तो लवकर जातो.

मागचं कापड कापताना घाई करू नका. कात्रीचं खालचं पातं कुठे आहे हे डाव्या हाताच्या बोटाने चाचपत पुढे जायचं. माझ्या हाताखालची मुलगी माळढोकाच्या मानेशी आली आणि खालचं पांढरंही कापलं गेलं. त्यावर ठिगळ लावता येत नाही, लावलं तरी उन्हासमोर दिसतं. पक्षी पूर्ण उसवून नवा बसवला.

प्राण्याचं तोंड नेहमी काठीकडे. समोरून बघितलं तर काठी डावीकडे, म्हणून पक्षी डावीकडे बघतो. मागून बघितलं तर सगळं उलटं दिसतं, काठी उजवीकडे आणि पक्षीही उजवीकडे बघतो, म्हणजे अजून काठीकडेच. त्यामुळे एकाच थराचं काम मागून चुकीचं ठरत नाही. अक्षरं असती तर ती मात्र उलटी दिसली असती. नाव न घालण्याचं आणखी एक कारण.

हात बसवायला मी शिकाऊ मुलींना क्रोएशियाची चौकटीची ढाल शिवायला देते. तिला ते शाहोव्नित्सा म्हणतात, बुद्धिबळाच्या पटावरून. पाच ओळी, पाच रांगा, २५ चौकोन, १३ लाल आणि १२ पांढरे. वरचा पहिला चौकोन लाल. हे काटेकोर पाळायला सांगते, कारण पांढऱ्यापासून सुरू होणारी ढाल १९४१ ते १९४५ मधल्या नाझींच्या बाजूच्या राजवटीच्या चिन्हात होती आणि तिथल्या लोकांच्या मनात त्याची जखम आहे. चौकोन विषम असल्यामुळे दोन्ही वरचे कोपरे लालच येतात आणि ढाल मागूनही तशीच दिसते. चौकोन सुटे जोडू नका. पाच-पाच पट्ट्यांचे दोन तुकडे आधी शिवा, एक लालपासून सुरू होणारा, दुसरा पांढऱ्यापासून. मग दोन्ही आडवे कापून पहिल्यातल्या तीन आणि दुसऱ्यातल्या दोन ओळी आलटून-पालटून जोडा, कोपरे आपोआप जुळतात.

कडा. मोकळ्या टोकाला वारा चाबकासारखा मारतो, तिथे कापड दोनदा दुमडून चार टिपा मारा. कोपऱ्यात आतून तिकोनी तुकडा घाला. काठीच्या बाजूला नेफा करा, पण नुसत्या पॉलिस्टरचा नको, आत खाटेची सुती नवार घालून शिवा. दोरी नेफ्यातून वरपासून खालपर्यंत गेली पाहिजे आणि वर-खाली घट्ट शिवली पाहिजे, म्हणजे ताण दोरीवर येतो, कापडावर नाही.

गावात लावताना दोन गोष्टींची काळजी घ्या. राजमुद्रेचे सिंह, अशोकचक्र असलं काही ढालीत घेऊ नका, राजमुद्रेच्या गैरवापराला २००५ च्या कायद्याने बंदी आहे. आणि गावाचा झेंडा तिरंग्यापेक्षा उंच किंवा त्याच्या शेजारी बरोबरीने लावायचा नाही. १५ ऑगस्टला, २६ जानेवारीला गावाचा झेंडा उतरवून घडी करून ठेवा. या शहरात हे सांगताना मला वेगळंच वाटतं. ६ एप्रिल १९३० ला सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला, पुढे मार्शल लॉ आला आणि १२ जानेवारी १९३१ ला चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले. झेंड्याच्या कापडाला इथे किंमत मोजलेली आहे, म्हणून दोरीची गाठसुद्धा मी स्वतः तपासल्याशिवाय देत नाही.

आपल्या उन्हात लाल सगळ्यात आधी विटतो, गडद हिरवा बराच तग धरतो. बारा महिने काठीवर ठेवू नका, संध्याकाळी उतरवा, साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. मोकळं टोक झिजायला लागलं की फाटायची वाट न बघता दोन सेंटिमीटर कापून पुन्हा दुमडा. असं दोनदा चालतं, मग लांबी कमी दिसायला लागते.

नान्नजकडच्या पोरांना झेंडा देताना मी सोबत तीन वस्तू दिल्या: बटर पेपरची आकृती, रंगांच्या कापडाचे तुकडे टाचलेला पुठ्ठा आणि त्यांच्याच अक्षरातल्या त्या चार ओळी. ओळींची एक प्रत ग्रामपंचायतीच्या दप्तरात लावायला सांगितली. दुसरी माझ्या वहीत आहे, क्रोएशियाच्या दोन वाक्यांच्या पुढच्या पानावर.